आईचा वेगळा तांब्या

चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर मी गेली पंधरा वर्षे बोलतो आहे. १४ एप्रिल असो की ६ डिसेंबर, अकलूजच्या आसपासच्या गावांत, माळशिरस तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जिथे बोलावतील तिथे जातो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले, हा प्रसंग सांगताना समोरची माणसे एकदम शांत होतात. म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसतात.

आणि याच माणसाने, म्हणजे मी, २०१८ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या घरात स्वतःच्या आईचा पाण्याचा तांब्या वेगळा केला होता.

हे मी आजवर कोणत्याही स्टेजवरून सांगितलेले नाही. आज लिहितो आहे, कारण आईला झालेल्या आजारावर आणि त्याच्या जातकुळीतल्या आजारांवर जगात एक नवा उपचार उभा राहतो आहे. त्याचे एक दार आपल्याच महाराष्ट्रात, पवईला आणि खारघरला उघडले आहे. त्या दारातून कोण आत जाणार, हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे असे मला वाटते. पण तो मांडण्याआधी तांब्याचा हिशेब द्यावा लागेल.

आईच्या आजाराची सुरुवात तोंडापासून झाली. तोंड आले म्हणून आम्ही बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या, जिभेला तूप लावले. दोन महिने झाले तरी फोड जाईनात. चटणी-भाकरीवर आयुष्य काढलेली बाई दुधात कुस्करलेली भाकरी गिळताना रडायची. मग छातीवर, पाठीवर, काखेत पाण्याने भरलेले फोड आले. ते फुटायचे, खालची लालभडक कातडी उघडी पडायची आणि अंगाला कपडा चिकटायचा. कोणी म्हणाले नागीण आहे. कोणी म्हणाले उष्णता. कोणी सांगितले, घरातल्या देवाचे काही राहिले असेल. बौद्ध झाल्यावर देव काढून टाकले त्याचा कोप झाला, असेही एका नातेवाइकाने हळूच सुचवले. एका डॉक्टरांनी गजकर्णाचे मलम दिले, दुसऱ्यांनी अँटिबायोटिक. पाच महिने असेच गेले.

आई तेव्हा खुरपणीला जायची. टोळीतल्या बाया तिच्या कळशीतले पाणी पिईनात. मग मुकादमाने सांगितले, बरे वाटेपर्यंत येऊ नका. त्यांचा मला राग आला. पण त्याच आठवड्यात मी बाजारातून एक स्टीलचा तांब्या आणि एक ताट आणले आणि ते आईच्या खाटेजवळ ठेवले. माझ्या मुलांना सांगितले, आजीच्या भांड्यांना हात लावायचा नाही.

तीन दिवस आई काही बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "माझा तांब्या येगळा का केलास रं?"

मी म्हणालो, "इन्फेक्शन असतं आई. लेकरं हायती घरात."

ती म्हणाली, "आमच्या लहानपणी वाड्यावर गेलं की वरनं पाणी घालायची. ओंजळ धरून प्यायचो. तवा इटाळ म्हणायची. तू इन्फेक्शन म्हण."

मी गप्प बसलो. मनात मात्र म्हणालो, आईला शास्त्र कळत नाही. खरे तर शास्त्र मलाच कळत नव्हते. आजार लागट आहे असे मला कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते. मी तपासले नव्हते, विचारलेही नव्हते. कातडी बिघडलेली दिसली आणि हात आपोआप मागे आला. हा हात कुठे शिकला मागे यायला? त्याला कोणी शिकवले?

अखेर पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. त्वचारोग विभागातल्या डॉक्टर बाईंनी आईचा हात धरला, फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी बोटाने हलकेच दाबून सरकवली. ती सालपटासारखी सरकली. कातडीचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान आले: पेम्फिगस व्हल्गॅरिस. मी पहिला प्रश्न विचारला तो लागण होण्याचा. त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. एका ताटात जेवा." आई माझ्याकडे बघत होती.

त्या रात्री एसटीने अकलूजला परत येताना इंदापूरपर्यंत मी तिच्याशी नजर मिळवू शकलो नाही.

हा आजार काय आहे ते आता साध्या शब्दांत सांगतो, कारण आपल्या वस्त्यांत असे रुग्ण आहेत आणि ते नागीण, गजकर्ण, करणी या नावांखाली लपलेले आहेत. आपल्या कातडीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांना धरून ठेवणारी काही प्रथिने आहेत, त्यांतल्या दोघांची नावे डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३. शरीराचे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती जंतूंविरुद्ध वापरायची असतात. पेम्फिगसमध्ये काही बी-पेशींची ओळख चुकते आणि त्या डेस्मोग्लीनविरुद्धच प्रतिपिंडे सोडतात. मग पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, मध्ये पाणी साचते, फोड येतो. जंतू नाही, घाण नाही, कोणाचे पाप नाही. म्हणून लागणही नाही. ल्युपसमध्ये गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा येतो, स्क्लेरोडर्मात कातडी चामड्यासारखी आवळत जाते, कोडामध्ये रंग तयार करणाऱ्या पेशी मारल्या जातात. हे सगळे याच जातकुळीतले आजार.

आता मनुस्मृती काय म्हणते ते पाहा. तिसऱ्या अध्यायात कोणत्या घराण्यांतली मुलगी करू नये याची यादी आहे. त्यात अंगावर कोड असलेली आणि कुष्ठ असलेली घराणी आहेत. अकराव्या अध्यायात तर कोणत्या पापाने कोणता रोग होतो याचे कोष्टकच आहे. कापड चोरले तर कोड! म्हणजे आजारी माणूस आधी गुन्हेगार ठरवायचा, मग त्याचे घराणे वाळीत टाकायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले. पण माझ्या घरातला तांब्या पाहिला तर त्या ग्रंथाचे एखादे पान अर्धवट जळून माझ्याच डोक्यात राहिले होते असे म्हणावे लागेल.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासला आहे. माणसाची आजची दुःखे मागच्या जन्मीच्या कर्माची फळे आहेत असे एकदा मान्य केले की गरीब आणि दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी शासनाला आणि समाजाला झटकून टाकता येते, हे त्यांनी तिथे स्पष्ट दाखवले आहे. आजाराला हा विचार लावून बघा. "नशिबाचे भोग" हे वाक्य रुग्णाचे सांत्वन करत नाही, ते शासनाला मोकळे करते. याउलट धम्म सांगतो, दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते. कारण शोधा. डेस्मोग्लीन शोधणाऱ्यांनी तेच केले.

आईला स्टेरॉइड सुरू झाले. स्टेरॉइड येण्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. म्हणजे ते औषध जीव वाचवणारे आहे, यात शंका नाही. पण त्याने पूर्ण शरीराचे संरक्षणच दाबले जाते. आईचा चेहरा सुजला, साखर वाढली, हाडे ठिसूळ झाली. दुसऱ्या वर्षी फोड परत आले तेव्हा रिटुक्सिमॅबची दोन इंजेक्शने दिली. हे औषध थेट बी-पेशींना मारते. तपासण्या, प्रवास, दवाखाना धरून खर्च लाखाच्या पुढे गेला. बायकोचे गंठण गहाण पडले. तरी हे औषध आमच्या आवाक्याच्या काठावर तरी आले, त्याला कारण आहे. मूळ औषध परदेशी कंपनीचे, अफाट महाग. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली आणि किंमत खाली आली. म्हणजे किंमत हा निसर्गनियम नाही. ती माणसांच्या निर्णयांनी ठरते आणि माणसांच्या निर्णयांनी बदलते.

रिटुक्सिमॅबने आईला दीड वर्ष बरे वाटले. पुन्हा थोडे फोड आले. असे का होते? कारण रक्तातल्या बी-पेशी मारल्या तरी शरीराच्या आतल्या कोपऱ्यांत काही बिघडलेल्या पेशी टिकून राहतात. तण वरवर कापले, मुळी राहिली, असे आईच्या खुरपणीच्या भाषेत सांगता येईल.

नवा उपचार या मुळीपर्यंत जातो. त्याचे नाव कार-टी. रुग्णाचे रक्त काढून त्यातल्या टी-पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी, वेगळ्या करतात. प्रयोगशाळेत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवा जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशींवर बी-पेशींना ओळखणारा एक नवा 'हात' उगवतो. मग त्यांची संख्या वाढवून त्या त्याच रुग्णाला सलाइनसारख्या परत देतात. त्या शरीरभर फिरून बी-पेशी शोधून मारतात. हा उपचार मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झाला.

जर्मनीत एर्लांगेन इथे गेओर्ग शेट यांच्या गटाने २०२१ मध्ये ल्युपसच्या एका विशीतल्या मुलीवर तो वापरल्याचे प्रसिद्ध केले. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांची माहिती दिली: ८ ल्युपसचे, ४ स्क्लेरोडर्माचे, ३ स्नायूंच्या आजाराचे. ल्युपसच्या आठही रुग्णांचा आजार शमला आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवता आली. त्याआधीच्या पाच ल्युपस रुग्णांत बी-पेशी सरासरी साडेतीन महिन्यांनी परत आल्या, पण आजार परत आला नाही. म्हणजे नव्या पिकात ते तण नव्हते.

पेम्फिगससाठी तर याहून नेमकी कल्पना आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमी पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांवर दाखवले की टी-पेशीच्या अंगावर डेस्मोग्लीन ३ चाच तुकडा बसवला, तर ज्या बी-पेशींची ओळख चुकलेली आहे नेमक्या त्याच येऊन त्याला चिकटतात आणि मरतात. बाकीच्या शाबूत राहतात. त्याच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्या, पण तो अजून बाजारात मिळणारा उपचार नाही. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या, शांतता राखणाऱ्या टी-पेशींच्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाले: मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना. त्या पेशींचा उपचार म्हणून वापर करण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

धोके सांगितले नाहीत तर मीही त्या देवऋषींच्याच रांगेत बसेन. कार-टी देण्याआधी केमो द्यावी लागते. नंतर जोराचा ताप येऊ शकतो, रक्तदाब पडू शकतो, मेंदूवर परिणाम होऊ शकतो, पुढे अनेक आठवडे जंतुसंसर्गाची भीती असते. पंधरा रुग्ण म्हणजे पंधराच रुग्ण. म्हणून कोणी गल्लीत दुकान थाटून "स्टेम सेलने कोड, सोरायसिस मुळापासून बरे" अशी जाहिरात केली, तर पैसे देऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता मिळालेले मोजके उपचार सोडले तर नोंदणीकृत चाचणीबाहेर स्टेम सेल देणे अनैतिक आहे. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, संमतीपत्र त्याच्या भाषेत समजावून देतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. भारतातली पहिली कार-टी ४ जून २०२१ रोजी खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात दिली गेली. ती तयार केली पवईच्या आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने. मानवी चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून सुमारे १९ कोटी रुपये मंजूर झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने तिला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला लोकार्पण झाले. ही परवानगी रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, ल्युपस-पेम्फिगससाठी नाही. पण ज्या बी-पेशींवर ती चालते, त्याच बी-पेशी या आजारांतही आहेत. तंत्र आले आहे, हात तयार झाले आहेत.

किंमत? अमेरिकेत तीन कोटींच्या पुढे, आपल्याकडे सुरुवातीला ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितली गेली. दहा पटींनी स्वस्त! टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण आईच्या रोजाने हिशेब करा. खुरपणीला ३०० रुपये रोज धरला तर ३० लाख म्हणजे दहा हजार दिवस. एकही सुटी न घेता, एक घासही न खाता सत्तावीस वर्षे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ५ आणि ३० यांच्या मधली जी जागा आहे, तिथे आपली माणसे मरतात.

गेल्या वर्षी एका जयंतीच्या कार्यक्रमानंतर मी हे बोलत होतो, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, रोज अत्याचाराच्या बातम्या येत आहेत आणि तुम्ही पेशींचं काय घेऊन बसलात? हे श्रीमंतांचे आजार." दुसरा एक जण उत्साहाने म्हणाला, "बरोबरच आहे सरांचं, जात हा समाजाचा ऑटोइम्यून रोगच आहे."

दोघांशीही माझे मतभेद आहेत. पहिल्याला सांगतो, माझी आई श्रीमंत नव्हती. हा आजार सातबारा बघून येत नाही. श्रीमंताला मात्र पाचव्या दिवशी निदान मिळते आणि आईला ते पाचव्या महिन्यात मिळाले. आपण ज्याला श्रीमंतांचा आजार म्हणतो, तो बहुतेक वेळा श्रीमंतांनाच निदान मिळणारा आजार असतो.

दुसऱ्याची उपमा टाळीला चांगली आहे, पण ती फसवी आहे. बी-पेशीची ओळख चुकते तेव्हा त्यात कोणाचा हेतू नसतो, कोणाचा फायदाही होत नाही. जात चुकून झालेली नाही. ती केली गेली, ग्रंथात लिहिली गेली, तिच्यावर जमिनी आणि सत्ता मिळवल्या गेल्या. तिला आजार म्हटले की ती करणारे सुटतात. आणि आजाराला जातीसारखे वागवले की आजारी माणूस अडकतो. मी आईच्या बाबतीत हेच केले होते. आजार हा आजार आणि अन्याय हा अन्याय. पहिल्यावर औषध लागते, दुसऱ्यावर संघर्ष. आणि औषध मिळत नसेल तर तिथून पुढे तोही अन्यायच असतो.

म्हणून आपल्या मागण्यांच्या यादीत काही गोष्टी आल्या पाहिजेत. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कातडीचा तुकडा तपासण्याची आणि त्यातली प्रतिपिंडे ओळखण्याची सोय असली पाहिजे, म्हणजे निदानासाठी पाच महिने आणि पुणे लागणार नाही. पेम्फिगससाठी रिटुक्सिमॅब कोणत्याही रुग्णाला गंठण गहाण न टाकता मिळाले पाहिजे. जे तंत्र जनतेच्या पैशातून उभे राहिले, त्याच्या किमतीवर जनतेचा हक्क सांगितला पाहिजे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य आहे असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. निवेदनात ते लिहा. आणि आपल्या पोरांना फक्त स्पर्धा परीक्षांच्याच रांगेत उभे करू नका. जीवशास्त्रात जाऊ द्या. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. कोणत्या आजारावर आधी संशोधन करायचे आणि ते कोणासाठी, हे प्रयोगशाळेत बसलेली माणसे ठरवतात. तिथे आपले कोणी नसेल तर आपली आई त्यांच्या यादीत येणार नाही.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तो आजार खरोखर लागट होता, तरी त्यांनी स्पर्श केला. माझ्या आईचा आजार लागट नव्हता, तरी मी तांब्या वेगळा केला. स्वतःला फुले-आंबेडकरी म्हणवून घेताना हे अंतर मला मोजावे लागते.

आई आज आहे. साखरेची गोळी आणि स्टेरॉइडचा छोटा डोस चालू आहे. अधूनमधून तोंडात फोड येतात. कार-टीबद्दल मी तिला सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "माझं वय झालं. पण टोळीतल्या त्या धाकट्या पोरीला आता झालंय म्हणत्यात, तिला मिळंल का?"

त्या मुलीला मी पुण्याच्या त्याच डॉक्टर बाईंकडे घेऊन गेलो, फोड दिसल्यापासून तिसऱ्या आठवड्यात. जाताना एसटी स्टँडवर पाण्याची एकच बाटली घेतली. आधी तिने प्यायले, मग मी.

जय भीम.